वीस पायऱ्या खाली, वीस पायऱ्या वर

अंबरनाथचं शिवमंदिर बघायला आलेला माणूस आधी मान वर करतो. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांच्या काळातलं देऊळ. वालधुनीच्या काठावरचा त्याचा काळा दगड, भिंतीभर दाटलेल्या मूर्ती, एकावर एक चढत गेलेले थर बघताना मान वर जायचीच. पण या देवळाची खरी गंमत खाली आहे. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. एरवी आपल्याला देव गड चढून, घाट चढून भेटतो. इथे तो उतरून भेटतो.

हल्ली मी तिथे गेलो की मूर्तींपेक्षा माणसांचे हात बघत बसतो. शाळकरी पोरं कुठेही हात न लावता धडधडत उतरतात. चाळिशीतल्या माणसाच्या एका हातात बेलफुलांची पुडी असते, दुसऱ्या हातात मोबाइल. साठी ओलांडली की पुडी आणि मोबाइल एकाच हातात जमा होतात आणि दुसरा हात हळूच भिंतीकडे सरकतो. सत्तरीनंतर पावलांची चाल बदलते. एका पायरीवर दोन्ही पाय, पुढच्या पायरीवर पुन्हा दोन्ही पाय. आणि एखादी आजी वरच्या पायरीपाशीच थांबते, तिथूनच हात जोडते आणि सुनेला म्हणते, "तू जाऊन ये गं, मला इथून दिसतो." तिथून काहीच दिसत नसतं.

आता यात एक कोडं आहे. दम लागतो चढताना. घाम येतो चढताना. मग आजी घाबरते ती उतरायला का?

उतरण्याचं गुपित

१९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत एक गमतीदार प्रयोग दाखवला गेला. अॅबट, बिगलंड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या होत्या. एकाने पुढे पेडल मारायचं आणि दुसऱ्याने आपल्या पेडलवर पाय रोवून त्याला अडवायचं. पुढे पेडल मारायला बसला एक धट्टाकट्टा पुरुष, अडवायला बसली एक लहान चणीची बाई. थोड्याच वेळात पुरुषाची दमछाक झाली आणि बाई आरामात होती. दोघांच्या पायांत बळ तेवढंच लागत होतं, पण अडवणारीला प्राणवायू कितीतरी कमी पुरत होता.

विहिरीवर पाणी शेंदलेल्या कुणालाही हे पटेल. भरलेली घागर वर ओढताना दोर हातात आखडत येतो. तीच घागर सावकाश खाली सोडताना दोर मुठीतून सरकत राहतो, पण मूठ सैल पडून चालत नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि आपल्याला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणाखाली असतानाच लांबत जातो आणि आपल्याला हळूच खाली ठेवतो. चढताना तो इंजिन असतो, उतरताना ब्रेक. ब्रेकला इंधन कमी लागतं, कारण त्या कामावर स्नायूचे थोडेच तंतू लागतात. पण त्यामुळेच कामावर असलेल्या एकेका तंतूवर ताण जास्त येतो.

हा ताण किती, तेही आता थेट गुडघ्याच्या आतून कळलं आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी गुडघाबदलाच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली. रुग्ण हिंडूफिरू लागले आणि त्यांचा गुडघा बिनतारी संदेशाने आपल्यावरचा भार बाहेर कळवू लागला. २०१० साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा जास्त भार येतो, जिना चढताना तीनपटीहून जास्त आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट. साठ किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना दोन क्विंटलहून अधिक भार! एवढं वजन आलं कुठून? आपल्याच मांडीतून. वाकलेला गुडघा कोसळू नये म्हणून मांडीचा स्नायू जी जबर ओढ लावतो, ती ओढही सांध्यावरच पडते.

यापुढचा आकडा आजीच्या मनातलंच बोलतो. २००३ साली हॉर्टोबाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि वयस्कर माणसांना खुर्चीतून उठायला, जिना चढायला आणि उतरायला लावलं, आणि त्या वेळी मांडी आपल्या कमाल ताकदीपैकी किती ताकद खर्च करते ते मोजलं. उतरताना तरुणांची मांडी ४२ टक्के ताकद लावत होती. वयस्करांची ८८ टक्के. साध्या खुर्चीतून उठायला तरुणांना ४२ टक्के लागत होते, वयस्करांना ८०.

म्हणजे आपण ज्याला "जरा दोन पायऱ्या उतरणं" म्हणतो, ते आजीसाठी जवळजवळ पैलवानी काम असतं. तिच्याकडे शिल्लक उरते फक्त १२ टक्क्यांची. पायरी ओली निघाली, खालून कुणी धक्का दिला, तर खर्चायला एवढीच पुंजी. आजीची भीती अंधश्रद्धा नाही, चोख हिशेब आहे.

आणि या हिशेबातच आशाही आहे. पायरीची उंची कमी करणं कुणाच्या हातात नाही; शिलाहारांनी बांधली तेवढीच ती राहणार. पण मांडीची कमाल ताकद वाढली, तर तीच पायरी ८८ ऐवजी ६० टक्क्यांत भागते. किराण्याचं बिल तेच असतं, पण पगार वाढला की ते जड जात नाही. चालणं सोपं होतं म्हणजे नेमकं हे होतं.

एका पायावरचा संसार

चालणं आपण दोन पायांचं काम समजतो. पण कुणाला तरी सावकाश चालायला लावून नीट बघा. प्रत्येक पाऊल टाकताना एक पाय हवेत असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकलेले असतात ते चालण्याच्या सुमारे २० टक्के वेळ. उरलेले ८० टक्के आपण एका पायावर उभे असतो, कधी डाव्या, कधी उजव्या. बदलापूर स्टेशनपासून घरापर्यंत वीस मिनिटं चालत गेलात, तर त्यातली सोळा मिनिटं तुम्ही एका पायावर काढलीत.

हे जमतं कसं, हे पाहिलं की पायाचं कौतुक वाटायला लागतं. एक पाय उचलला की खरं तर कंबर त्या बाजूला खाली झुकायला हवी. ती झुकत नाही, कारण टेकलेल्या पायाच्या बाजूला, कुल्ल्याच्या वरच्या अंगाला असलेला एक पंख्याच्या आकाराचा स्नायू कंबरेला धरून ठेवतो. तो दुबळा झाला की माणूस बदकासारखा डुलत चालू लागतो. बघणारे म्हणतात, गुडघे गेले. पुष्कळदा गुडघ्याच्या जोडीला हा वरचा गडीही थकलेला असतो.

पुढे ढकलायचं काम पोटरीचं. पाऊल मागे राहिलं की टाच उचलून पोटरी शरीराला पुढे रेटते. वयाबरोबर हा रेटा कमी होतो आणि पावलं आखूड पडायला लागतात. पोटरी आणखी एक काम गुपचूप करते. पायात उतरलेलं रक्त हृदयाकडे परत जायचं तर त्याला चढ चढावा लागतो. दर पावलाला पोटरी आवळते आणि शिरांतलं रक्त वर ढकलते. तिला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी. तासन्‌तास पाय लोंबकळत बसलेल्या माणसाच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज दिसते, कारण हे दुसरं हृदय दिवसभर सुट्टीवर असतं.

आणि नडगीपुढचा स्नायू पावलाचा चवडा उचलून धरतो. पाय पुढे झुलताना पायाचं बोट जमिनीपासून किती वर असतं, ठाऊक आहे? एक-दीड सेंटिमीटर. बस्स. आपण सगळे आयुष्यभर जमिनीपासून बोटभर अंतर राखून चालत असतो. आता आपल्या गावांतले फुटपाथ आठवा. उचकटलेला पेव्हर ब्लॉक किती वर आलेला असतो? तोही साधारण तेवढाच. नडगीचा स्नायू अर्धा सेंटिमीटर आळसावला, की बोट नेमकं त्या ब्लॉकला अडतं.

कल्याणच्या पुढे

मग वयाबरोबर पायांत नेमकं काय बदलतं? हे समजावून सांगायला मध्य रेल्वेसारखा दाखला नाही.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही स्लो लोकलसारखे: सावकाश, पण न थकता दिवसभर धावणारे. उभं राहणं, सपाटीवर चालणं त्यांच्यावर चालतं. दुसरे फास्ट लोकलसारखे: एकदम जोर लावणारे आणि लवकर थकणारे. झटकन उठणं, जिना चढणं, ठेच लागल्यावर क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून स्वतःला सावरणं, ही कामं त्यांची. आपल्या लाइनवर कल्याण गेलं की फास्ट लोकलही विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असं प्रत्येक स्टेशन घेत जाते. वयाचंही तसंच आहे. साठीचं कल्याण ओलांडलं की शरीरातली फास्ट गाडी आधी मंदावते. वेगवान तंतू बारीक होतात, सावकाश तंतू त्यामानाने टिकतात. म्हणून आजोबा सपाटीवर तासभर चालू शकतात, पण खुर्चीतून उठताना "अरे देवा" म्हणतात.

मेंदूची एक काटकसर इथे आडवी येते. हलकं काम असलं की मेंदू आधी लहान, सावकाश तंतूंच्या तुकड्यांना हाक मारतो. जड किंवा झटपट कामच असलं, तरच मोठ्या, वेगवान तुकड्यांना बोलावणं जातं. अमेरिकेतल्या एल्वुड हेनमन यांनी १९५७ च्या सुमारास हा क्रम उलगडला. रोज सपाटीवर फेरी मारणं उत्तमच. हृदयाला, साखरेला, मनाला त्याचा फायदा आहे. पण त्या फेरीत वेगवान तुकड्यांना फारसं बोलावणं जात नाही. "मी रोज चालतो, तरी जिन्यावर पाय का लटपटतात?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

वापर नसलेल्या तुकड्यांचं पुढे काय होतं, ते थक्क करणारं आहे. एकेक स्नायूतंतू मज्जातंतूच्या एकेका तारेला जोडलेला असतो. वयाबरोबर काही तारा तुटतात आणि त्यांच्यावरचे तंतू अनाथ होतात. मग शेजारची शाबूत तार नवा फाटा फोडून त्यातल्या काहींना आपल्या पदराखाली घेते. बाकीचे सुकून जातात. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ 'मांसाचं दारिद्र्य'.

आणि हे दारिद्र्य किती झपाट्याने येतं! २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. तापातून किंवा हॉस्पिटलातून घरी आलेले आजोबा "पाय कापसाचे झालेत" म्हणतात, ते उगाच नाही. घरचे मात्र प्रेमाने म्हणतात, "तुम्ही उठू नका, पाणी इथेच आणून देते." आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला उठू न देणं. पायांच्या दृष्टीने मात्र ही सेवा महागात पडते.

नव्वदीतले विद्यार्थी

इथवरचं ऐकून वाटेल की ही उतरणच आहे, परतीची गाडी नाही. तसं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटत होतं. मग १९९० साली बॉस्टनहून एक छोटा शोधनिबंध आला आणि समज उलटापालटा झाला.

डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमवजा रुग्णालयातली दहा माणसं घेतली. सरासरी वय ९०. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, खुर्चीत बसून वजनाविरुद्ध गुडघा सरळ करायचा व्यायाम दिला. आणि तो हलका नव्हता. प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत वजन. अर्थात तज्ज्ञांच्या नजरेखाली. आठ आठवड्यांनी मोजलं तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. पावणेतीनपट! एकापुढे एक पाऊल टाकत चालण्याचा वेग जवळजवळ निम्म्याने वाढला. दोघांनी काठी सोडली.

यातली सगळ्यात अद्भुत गोष्ट पुढे आहे. ताकद पावणेतीनपट झाली, पण मांडीतला स्नायू वाढला होता फक्त ९ टक्के. मग उरलेली ताकद आली कुठून? ती तिथेच होती. मेंदूने ज्या तुकड्यांना हाक मारणं सोडून दिलं होतं, त्यांना पुन्हा बोलावणं गेलं आणि त्या हजर झाल्या. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत मुख्यतः मज्जासंस्था शिकत असते. मांस नंतर भरतं. नव्वदीतले पाय विद्यार्थी होते. त्यांना शिकवायला कुणी आलं नव्हतं, एवढंच.

१९९४ साली डॉ. फियाटारोन यांनीच शंभर जणांवर मोठा अभ्यास केला. सरासरी वय ८७, मुदत दहा आठवडे. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, जिना चढायचा जोर २८ टक्क्यांनी वाढला. काही जणांना व्यायामाशिवाय नुसतंच पौष्टिक पेय दिलं होतं. त्यांच्या ताकदीत काहीही फरक पडला नाही. परदेशातून येणाऱ्या मुलाने आणलेला पावडरचा डबा कपाटातच मोठा दिसतो, तो यामुळे.

आणि यंत्रं नसली तरी चालतं, हे न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी दाखवलं. त्यांनी ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रियांपैकी निम्म्यांना घरच्या घरी पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम शिकवले. साधन काय, तर घोट्याला बांधायचं वजन आणि धरायला टेबल. १९९७ साली निकाल छापून आला. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात १५२ वेळा पडणं झालं, व्यायाम करणाऱ्यांत ८८ वेळा.

शाळेतली शिक्षा, साठीचं औषध

आता आपल्या घरी यावं. आपल्यातल्या बहुतेकांना हा व्यायाम लहानपणीच येत होता. गृहपाठ विसरला की मास्तर म्हणायचे, "काढ दहा उठाबशा!" तालमीत त्यालाच बैठका म्हणायचे. मास्तरांना कल्पना नसेल, पण पन्नास वर्षांनंतर लागणारं औषध ते आगाऊच देत होते.

साठीनंतरची उठबस खुर्चीवरून करायची. आधी स्वतःची परीक्षा घ्या. जगभरचे डॉक्टर हीच घेतात. साधारण १७ इंच उंचीची, चाकं आणि हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. नातवाच्या हातात घड्याळ द्या. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं, ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ वेळा जमायला हवं. ७० ते ७४ मध्ये पुरुषाला १२, बाईला १०. ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. त्याहून कमी भरले तर पडायचा धोका वाढलेला आहे असं समजतात. हातांचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. शून्य आला म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही, अभ्यास कुठून सुरू करायचा ते कळलं.

आता अभ्यासक्रम.

पहिला धडा, उठबस. पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. उठताना जमेल तेवढं चटकन, म्हणजे फास्ट लोकलला हाक जाते. बसताना मात्र मनात एक, दोन, तीन, चार मोजत सावकाश. हे सावकाश बसणं म्हणजेच अंबरनाथच्या पायऱ्या उतरायचा सराव आहे, तोच ब्रेक, तीच मांडी. जमत नसेल तर खुर्चीवर गोधडीची घडी घालून बैठक उंच करा आणि आठवड्यागणिक एकेक घडी काढा.

दुसरा धडा स्वयंपाकघरात. आपला ओटा जणू यासाठीच बांधला आहे: कंबरेएवढा उंच आणि हलत नाही. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, वर क्षणभर थांबा, हळूहळू खाली या. हा पोटरीचा. मग टाचा टेकवून चवडे उचला. हा नडगीचा, पेव्हर ब्लॉकवरचा उतारा. मग अंग सरळ ठेवून एक पाय बाजूला उचला, खाली घ्या; मग दुसरा. हा कंबर सांभाळणाऱ्या पंख्याचा. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक फेरी आटपते.

तिसरा धडा, बसल्या जागी एक पाय गुडघ्यात सरळ करून पाच मोजेपर्यंत धरायचा. सोपा वाटू लागला की जुन्या ओढणीच्या तुकड्यात अर्धा किलो मूग बांधून घोट्याला लावा. बॉस्टनच्या म्हाताऱ्यांचं यंत्र म्हणजे हेच, फक्त मुगाचं.

चौथा तोलाचा: ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा सेकंद, मग ओट्याच्या कडेने एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत चालणं.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ-दहा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. स्नायू सुट्टीतच भरतो. एक नियम मात्र पाळायचा: शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. दहा वेळा गप्पा मारत जमू लागलं की मूग वाढवा किंवा बैठक उतरवा. सोप्या कामावर पाय काही शिकत नाहीत. श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर हरकत नाही. पण सांध्यात कळ आली, गुडघा सुजला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबून डॉक्टरांना गाठा. हृदयविकार, नुकतंच ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं, अलीकडे पडणं झालेलं, उठल्यावर अंधारी येणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरुवात. आणि पहिले काही दिवस घरातलं कुणी तरी जवळ हवं.

बदलायचं काय?

बदलापूरच्या नावाची एक कथा सांगतात. लांबच्या प्रवासातले स्वार इथे थकलेले घोडे बदलत, म्हणून बदलापूर. आज त्याच गावातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त चर्चा असते ती गुडघे बदलण्याची. ज्यांचा सांधा खरोखर झिजला आहे, त्यांना ती शस्त्रक्रिया वरदान ठरते. पण शस्त्रक्रियेत बदलतो तो सांधा. त्याला हलवणारी मांडी जुनीच राहते, आणि ऑपरेशननंतर काही काळ ती आणखी दुबळी होते. म्हणून तर दुसऱ्याच दिवसापासून फिजिओथेरपिस्ट येऊन "पाय सरळ करा" म्हणायला लागतात. खोगीर बदलता येतं, घोडा आपलाच असतो. त्याला खायला घालायचं आणि फिरवायचं.

खायला घालायची सोय आपल्याकडे आहेच. वय वाढलं की प्रथिनं थोडी जास्त लागतात. शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम हे ज्येष्ठांसाठी चांगलं प्रमाण मानलं जातं, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. पण आपले आजी-आजोबा "आता काय, चहा-बिस्किटं पुरेत" म्हणत नेमकी तीच तोडतात. मटकीची उसळ, ताक, अंडं, बोंबील, यातलं काही रोजच्या पानात हवं. उल्हासनगरात तर सकाळच्या दाल-पकवानातली हरभरा डाळ हाताशी असते. नुसता पकवान तेवढा बेताने.

उल्हासनगरवरून आठवलं. १९४९ च्या ८ ऑगस्टला सिंधी निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर झालं, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंचाऐंशी ओलांडून गेलं आहे. फाळणीने या पिढीकडून घर, गाव, शेत सगळं घेतलं. पाय तेवढे सोबत आले. यातली कितीतरी माणसं अजून दरबारात सत्संगाला जातात, जमिनीवर बसतात, लंगरच्या पंगतीत मांडी घालतात आणि उठतात. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं, हात-गुडघे जितके कमी टेकवता येतील तितके चांगले. २०१२ साली त्यांनी मांडलं की ज्यांना हे सहज जमतं, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. नुसत्या मांडी घालण्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. ज्याला उठता येतं, त्याच्याकडे ताकद, लवचिकपणा आणि तोल हे तिन्ही शाबूत असतात. गुडघे दुखत नसतील तर जमिनीवरची पंगत अगदीच सोडू नका. डायनिंग टेबल आल्यापासून आपल्या दिवसातल्या किती उठाबशा कमी झाल्या, कुणी मोजल्या आहेत?

हिशेब शेवटी त्या हाताशी येतो. ताकद कमी पडू लागते तेव्हा पाय बोलत नाहीत, हात बोलतो. तो आधी जिन्याच्या कठड्यावर जातो, मग खुर्चीच्या दांडीवर, मग रेल्वे पुलावर शेजारच्या माणसाच्या खांद्यावर, आणि देवळात भिंतीवर. ताकद परत येते तेव्हाही पहिली खबर हातच देतो. तो एके दिवशी नुसताच लोंबकळत राहतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

हे वाचून झाल्यावर तुम्ही चहा टाकायला किंवा दाराची बेल वाजली म्हणून उठाल. उठताना हात कुठे गेला, तेवढं बघून ठेवा.